बघितल्याशिवाय मलम नाही

कोकणात जून उजाडला की आमच्या दवाखान्यात बुरशीच्या रोगांचा हंगाम सुरू होतो, तो गणपती उलटून दसरा आला तरी सरत नाही. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी त्वचारोगांची डॉक्टर म्हणून काम करते. या दिवसांत येणाऱ्या बायकांच्या बोलण्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी पायांच्या बोटांमधल्या चिखल्या, मग केस गळतात ते, मग सुनेच्या गालावरचे वांग. औषधं लिहून होतात, बाई उठते, पिशवी खांद्याला अडकवते आणि पुन्हा खुर्चीच्या कडेवर टेकते. "आणिक एक होता... सांगूक लाज वाटता." पिशवीतून मलमाची ट्यूब निघते. शेवटाकडून गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आणलेली, वरचं नाव पुसत आलेली. खाज कुठे आहे ते ती बोलत नाही, पदराखाली हात नेऊन दाखवते.

तेवढ्या खुणेवर दुसरं मलम लिहून देणं फार सोपं असतं. बाहेर रांग असते, बाईलाही तेच हवं असतं. पण इतक्या वर्षांच्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्टेरॉइडमुळे छातीच्या त्वचेची जी नासाडी मी पाहिली, तिचं मूळ औषधात कमी आणि कुणीच न बघण्यात जास्त आहे. बाई स्वतः आरशात बघत नाही, दुकानदाराला बघायचा प्रश्नच नसतो, आणि डॉक्टरही पुष्कळदा बघत नाहीत.

पडद्याआड गेल्यावर जे दिसतं ते असं. स्तनाखालच्या घडीत गजकर्णाची कडा असते, पण पुस्तकातल्या चित्रासारखी सुबक गोल नव्हे. कड्यात कडं, त्याच्या आत आणखी एक अर्धवट कडं. मलम लावलं की बुरशी दबते, सोडलं की नव्या जोमानं पसरते, त्या चढउतारांच्या खुणा त्वचेवर अशा उमटतात. मधली कातडी पातळ, चकचकीत, खालच्या बारीक शिरा दिसाव्यात अशी. आणि तिच्यावर घडीपासून वर सरकत गेलेल्या जांभळट लाल रेघा, काही बोटभर रुंद. बाळंतपणात पोटावर पडतात त्याच जातीच्या, पण या बाईचं शेवटचं बाळंतपण होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात. तिला वाटतं, रोग आत चिरत चालला आहे. म्हणून ती मलम आणखी दाबून लावते.

ट्यूबवर बहुधा तीन-चार औषधांची नावं असतात. बुरशीचं एक, जंतूंचं एक, आणि त्यांच्या सोबतीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन. ही शेवटची दोन स्टेरॉइडं आहेत, आणि त्यातलं क्लोबेटासॉल हे कातडीला लावायच्या स्टेरॉइडांमध्ये सर्वांत जहाल गटातलं. खाज रात्रीत थांबते ती याच्यामुळे. स्टेरॉइड शरीराचा दाह शमवतं. बुरशीशी लढताना त्वचा लाल होते, खाजते, ती लढाईच ते थांबवतं. बाईला वाटतं गुण आला, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. त्याच वेळी कातडीला ताण देणारे कोलाजनचे तंतू तयार करणाऱ्या पेशीही मंदावतात. कातडी विरते. स्तनाचं वजन तर रोज खाली ओढतच असतं. विरलेली कातडी त्या ओढीला टिकत नाही आणि आतून फाटते, ती रेघ आपल्याला बाहेरून दिसते.

तेच मलम कोपरावर लावलं तर इतकं होत नाही, मग इथेच का, असं बायका विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. 1967 साली अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाक या दोघांनी शरीराच्या निरनिराळ्या जागी हायड्रोकॉर्टिसोन लावून ते किती शोषलं जातं हे मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागाशी तुलना केली तर काखेत ते साडेतीन पटींहून जास्त शोषलं गेलं, कपाळावर सहा पट, आणि पुरुषांच्या अंडकोशाच्या कातडीवर तर चाळीस पटींच्याही वर. म्हणजे जागा बदलली की त्याच मलमाचा डोस बदलतो. स्तनाखाली तर कातडीवर कातडी बसलेली, मध्ये घाम, वर घट्ट इलॅस्टिक. मलम लावून वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळल्यासारखीच ही स्थिती, आणि झाकलेल्या जागी मलमाचं शोषण कितीतरी वाढतं. क्लोबेटासॉलच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की दिवसाला 2 ग्रॅम इतक्या कमी मलमानंही शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथींचं काम दबू शकतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम साधारण अर्धा ग्रॅम भरतं. दोन्ही बाजूंच्या घड्यांना सकाळ-संध्याकाळ लावणारी बाई दोन ग्रॅमच्या घरात सहज पोचते.

ही खाज मुळात येते कुठून, ते आमच्याकडच्या पावसाळ्यात चार दिवस राहिलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. लावणीच्या दिवसांत बाई पहाटे शेतात उतरते ती संध्याकाळी वर येते. इरलं असो की प्लास्टिकचा कागद, पाठ तेवढी कोरडी राहते, पुढून ब्लाउज ओलाचिंब. मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांचं तेच, काजूच्या कारखान्यातल्या गरम वाफेत काम करणाऱ्यांचंही तेच. घरी आल्यावर धुतलेले कपडे सुकत नाहीत. त्यातही आतले कपडे उन्हात, वाऱ्यावर घालायची सोय नाही. अंगणातल्या दोरीवर लुगडी, टॉवेल, पोरांचे शर्ट मोकळे वाळतात आणि बाईची ब्रेसियर टॉवेलाखाली दडवलेली, नाहीतर न्हाणीघराच्या अंधारात खिळ्याला अडकवलेली. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. श्रावणात चार उन्हं पडतात तीसुद्धा त्या कपड्याच्या वाट्याला येत नाहीत. तो दमटच अंगात चढतो. मी औषधाच्या कागदावर लिहून देते, "आतले कपडे उघड्या उन्हात वाळवणे." सासूला, नवऱ्याला दाखवता यावं म्हणून मुद्दाम लिहून देते. तोंडी सांगितलेलं घरात चालत नाही, डॉक्टरनं लिहिलेलं चालतं.

मलम आणतं कोण, हेही बघण्यासारखं आहे. बाई स्वतः मेडिकलमध्ये क्वचितच जाते. मुलाला किंवा नवऱ्याला सांगते, "खाजेचं मलम आण." खाज कुठे आहे हे ती मुलाला सांगत नाही, मुलगा दुकानदाराला सांगू शकत नाही. गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी आपल्याकडची ट्यूब ठेवून जातात, ती शेजारपाजारी फिरते. हाताच्या भेगेला लिहून दिलेलं मलम असं हिंडत हिंडत छातीपर्यंत पोचतं. या सगळ्या वाटेवर प्रत्येक जण आपल्या परीनं मदतच करत असतो, आणि प्रत्यक्ष जागा कुणीही पाहिलेली नसते.

आमच्या पेशातल्यांविषयीही बोललं पाहिजे. पुरुष डॉक्टरला अशा तपासणीची भीती वाटते, हे मला कळतं. गैरसमज झाला तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण त्यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. खोलीला आतून नीट सरकणारा पडदा, बाईची परवानगी, तिच्यासोबत आलेली बहीण किंवा दवाखान्यातली सिस्टर तपासणीच्या वेळी हजर, आणि अंगावर ओढायला एक धुतलेली चादर. एका वेळी एकच बाजू उघडी करायची. काय करणार आहोत ते आधी सांगायचं. माझ्या अनुभवात असं केल्यावर तपासू न देणारी बाई विरळा. साठी ओलांडलेल्या एक काकी म्हणाल्या होत्या, "आता ह्या वयात कोणाक दाखवतलंय?" त्यांच्या मुलीनं तोंड वळवून हसू दाबलं, पण मला त्या वाक्यानं वाईट वाटलं. त्या वयातच तर दाखवायला हवं. स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वयाबरोबर वाढत जाते.

हे झालं वरून लावायच्या औषधाचं. पोटात घ्यायच्या स्टेरॉइडांची कथा निराळी आहे, आणि ती मी स्वतःच्या हातानं लिहून देते. 1948 च्या सप्टेंबरात मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि काही दिवसांत ती हिंडूफिरू लागली. दोन वर्षांत हेंच, केंडॉल आणि रायखश्टाइन यांना नोबेल मिळालं. आमच्या शाखेत पेम्फिगस नावाचा आजार आहे. अंगभर आणि तोंडात पाण्याचे फोड येतात, फुटतात, माणूस भाजल्यासारखा दिसतो. स्टेरॉइडं नव्हती तेव्हा या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. तेव्हा या औषधाला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं माणसं वाचवली आहेत.

पेम्फिगसच्याच एका बाईंची हकिगत सांगते. पन्नाशीच्या आसपासच्या, घरची आंब्याची बाग सांभाळणाऱ्या, शब्दाला पक्क्या. प्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसवर त्यांचे फोड सुकले, तोंडातून भाकरी जाऊ लागली. चेहरा गोल होईल, भूक वाढेल, साखर-रक्तदाब तपासत राहावं लागेल, गोळी एकदम बंद करायची नाही, हे सगळं त्यांना सांगितलेलं होतं. काही आठवड्यांनी त्या ठरल्या तारखेला आल्या नाहीत. फोन लावल्यावर आल्या, तेव्हा डोस त्यांनी आपणच अर्ध्यावर आणला होता. कारण विचारलं तर आधी काही बोलेनात. मग म्हणाल्या, ब्लाउजची बटणं लागत नाहीत, दोन्ही बाजू जड झाल्यात, दुखतात, आणि रात्री झोप येत नाही. त्यांची थोरली जाऊ स्तनाच्या कर्करोगानं गेली होती. दोन्हींचा संबंध मनात जुळला होता आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

तपासलं. गाठ नव्हती. स्टेरॉइडमुळे शरीरातल्या चरबीची वाटणी बदलते. हात-पाय बारीक होतात, चेहरा, मानेमागचा भाग, पोट भरतं, आणि कित्येक बायकांची छातीही त्याबरोबर जड होते. अंगात पाणी साठून राहतं, त्यानं ताण वाटतो. पण त्यांच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबली नव्हती. स्तन जड झाल्यानं खालची घडी खोल झाली होती. गोळ्यांमुळे रक्तातली साखर चढली होती. ओल, उष्णता आणि साखर मिळाल्यावर कँडिडा नावाचं यीस्ट घडीत वाढलं होतं. लालभडक ओलसर पट्टा आणि त्याच्या काठाबाहेर विखुरलेल्या बारीक पुळ्या, ही त्याची ओळख. त्या खाजेवर भाच्यानं मलम आणून दिलं होतं, आणि त्या मलमात पुन्हा क्लोबेटासॉल. पोटातून एक स्टेरॉइड, वरून दुसरं, आणि मध्ये ती विरत चाललेली कातडी. रेघा पडायला सुरुवात झाली होती.

डोस आपणच तोडण्याचा धोका त्यांना समजावायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज आपलं स्टेरॉइड तयार करत असतात. बाहेरून आयतं मिळत राहिलं की काही आठवड्यांत त्या काम थांबवतात. गोळी अचानक बंद केली तर ग्रंथी जाग्या व्हायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात साधा ताप किंवा जुलाबसुद्धा जिवावर बेतू शकतो. रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, शुद्ध हरपते. एक बाई छातीच्या भीतीनं या टोकापर्यंत जाऊ शकते, आणि ती भीती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, हे मला त्या प्रसंगानं दाखवून दिलं. त्यांची साखर आटोक्यात आणली, घडीत बुरशीचं साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं, मऊ सुती कापडाची पट्टी घडीत ठेवायला सांगितली, आणि वयाच्या मानानं मॅमोग्राफीही करून घेतली. ती स्वच्छ आली. तो कागद त्यांनी घडी घालून देवाजवळ ठेवला.

पुरुषांची लाज आणखी खोल असते. कुष्ठरोगात औषधं चालू असताना किंवा संपल्यावरही कधी कधी शरीराची उलटी प्रतिक्रिया उसळते. नसा सुजतात, गाठी येतात, ताप येतो. नसांचं बळ वाचवायला तेव्हा प्रेडनिसोलोन द्यावंच लागतं. 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून 12 आठवड्यांत उतरवत आणण्याचा ठरलेला क्रम आहे. अशाच एका तरुणानं पालखीला उघड्या अंगानं खांदा द्यायचं सोडलं, नदीवर आंघोळीला जायचं सोडलं. त्याच्या छातीला बाईसारखा उभार आला होता. गोळ्यांनी झालं, असं त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी धरून ठेवलेलं.

इथे हात लावूनच कळतं. नुसती चरबी असेल तर बोटांखाली सगळं मऊ लागतं. ग्रंथी वाढली असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी चकती हाताला लागते. त्याला चकती होती. बहुजंतुक कुष्ठरोगात जंतू वृषणांपर्यंतही पोचतात, तिथलं टेस्टोस्टेरॉन घटतं, आणि त्यातून पुरुषाचा स्तन वाढतो. म्हणजे बदनाम गोळी झाली होती आणि कारण मूळ रोगात होतं. तिचा दोष म्हणून त्यानं गोळी सोडली असती तर हात लुळा पडण्याची भीती होती. छातीच्या वाढीला दुसरीही औषधं कारण असतात. रक्तदाब-हृदयविकारात देतात ते स्पिरोनोलॅक्टोन, किंवा पूर्वी बुरशीसाठी पोटातून सर्रास दिलं जाणारं किटोकोनॅझोल. आणि जिममधली पोरं दंड फुगवायला जी स्टेरॉइडं टोचून घेतात ती तर वेगळ्याच घराण्यातली, पुरुषी संप्रेरकांची नक्कल. शरीर त्यांतल्या काहींचं स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतं, त्यामुळे छाती वाढते. दम्याच्या किंवा संधिवाताच्या रुग्णाला लिहून दिलेलं स्टेरॉइड म्हणजे हे नव्हे. या एका घोटाळ्यापायी आई-बाप दम्याच्या पोराचा पंप बंद करतात, असं मी पाहिलं आहे. पुरुषाच्या छातीत एकाच बाजूला, स्तनाग्राच्या मध्यापासून सरकलेली, दगडासारखी कडक गाठ लागली तर मात्र औषधांची यादी बाजूला ठेवून आधी शल्यचिकित्सकाकडे पाठवायचं. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो.

आता ज्या दुखण्यासाठी मी हा लेख लिहायला बसले, ते सांगते. 1874 साली लंडनच्या जेम्स पॅजेट या शल्यविशारदानं स्तनाग्रावरच्या एका इसबाचं वर्णन केलं. दिसायला साधं इसब, पण काही काळानं त्या स्तनात कर्करोग निघे. आज त्या आजाराला त्याचंच नाव आहे. कर्करोगाच्या पेशी दुधाच्या नळ्यांतून स्तनाग्राच्या कातडीत येऊन बसतात. वरून दिसतं ते एवढंच: स्तनाग्र लाल, खपली धरणारं, कधी चिघळणारं, थोडं खाजणारं. बाई ब्रेसियरच्या घासण्याला, साबणाला, उष्णतेला बोल लावते. मलम लावते. मलमात स्टेरॉइड असतं, त्यानं वरचा दाह शमतो, लाली फिकी होते, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं. आत रोग आपल्या वाटेनं चालत राहतो.

अशी एक बाई माझ्याकडे आली ती गजकर्णासाठीच, पोटावरच्या. मी नेहमीप्रमाणे सगळ्या घड्या तपासायच्या म्हणून बघितलं, तेव्हा उजवं स्तनाग्र सपाट झालेलं, भोवती खपली. "ता होय, ता इसब आसा," असं म्हणून तिनं विषय संपवला. दोन वर्षं ती त्याला वेगवेगळी मलमं लावत होती. दोन ठिकाणी डॉक्टरांनी लिहून दिली होती, बाकी अशीच. एकाही ठिकाणी तिला पदर बाजूला करायला सांगितलं गेलं नव्हतं.

इसब स्तनावर होतंच. पण ते बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना होतं, भोवतालच्या काळ्या वर्तुळावर पसरतं आणि पुष्कळदा स्तनाग्राला सोडून असतं. पॅजेटचा आजार एकाच बाजूला होतो, स्तनाग्रापासून सुरू होतो आणि मग बाहेर सरकतो. हा फरक दर वेळी नुसत्या नजरेनं पुरा पडत नाही. म्हणून नियम साधा ठेवावा लागतो: एका बाजूच्या स्तनाग्रावरचं इसब योग्य उपचारानं तीन-चार आठवड्यांत पूर्ण गेलं नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, दहा मिनिटांचं काम. तिचा तुकडा पाठवला आणि जे वाटलं होतं तेच आलं. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेकांसारखी तीही गोव्याला, बांबोळीच्या रुग्णालयात गेली. स्तनाच्या आतही गाठ सापडली. पॅजेटच्या बहुसंख्य रुग्णांत ती सापडतेच. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. ती आहे, बाजाराच्या दिवशी भेटते. पण त्या दोन वर्षांचा मला राग येतो आणि तो ओसरत नाही. कितीतरी आधी, लहानशा शस्त्रक्रियेत निभावलं असतं.

याच औषधाची दुसरी बाजू मी दडवून ठेवणार नाही. एक तरुण मुलगी, मूल तीन वर्षांचं, नडग्यांवर दुखऱ्या लाल गाठी घेऊन आली. त्या गाठींमागे क्षय, घशाचा संसर्ग, काही औषधं अशी कारणं असतात, आणि क्वचित स्तनाचा एक आजारही असतो. मी विचारलं, छातीत काही दुखतंय का. ती रडायलाच लागली. डाव्या स्तनात लिंबाएवढी कडक गाठ, वर कातडी लाल, आणि मनात कर्करोगाचं भय. तुकड्याच्या तपासणीत ग्रॅन्युलोमाचा स्तनदाह निघाला. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्यासारखाच दिसतो. आपल्या देशात आधी क्षयरोग नाही ना हे पाहावं लागतं, कारण क्षयाची गाठ असेल आणि स्टेरॉइड दिलं तर क्षय भडकतो. सगळ्या तपासण्या झाल्यावर शल्यचिकित्सकांनी तिला प्रेडनिसोलोन सुरू केलं. गाठ विरघळत गेली. तिथे तेच औषध नेमकं होतं, आणि ते नेमकं ठरलं ते आधी बघितलं, विचारलं, तपासलं म्हणून.

अंगावर पाजणाऱ्या आयांबद्दल थोडक्यात. दम्यासाठी किंवा आमवातासाठी प्रेडनिसोलोन घेणाऱ्या बाईला "दूध तोडा" असा सल्ला घरोघर मिळतो. तो चुकीचा आहे. दुधात उतरणारं प्रमाण फार थोडं असतं आणि नेहमीच्या डोसवर पाजायला हरकत नसते. डोस मोठा असेल तर गोळी पाजल्यानंतर घ्यावी आणि पुढचं पाजणं चार तासांनी ठेवावं. मोठ्या डोसनं, किंवा सांध्यात टोचलेल्या इंजेक्शननंही, काही जणींचं दूध काही दिवस कमी झाल्याच्या नोंदी आहेत. बाळाला सतत पाजत राहिलं की ते परत येतं. स्तनाग्राच्या भेगेवर मात्र जहाल स्टेरॉइडचं मलम लावू नये. ते सरळ बाळाच्या तोंडात जातं.

आणि पडलेल्या रेघा? जांभळ्या रेघा वर्षभरात फिक्या होतात, पांढुरक्या होतात, जात नाहीत. हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. गजकर्ण मात्र पूर्ण बरं होतं. मलम सोडल्यावर पहिले काही दिवस आग होते, लाली उसळते, बाई घाबरते आणि पुन्हा जुन्या ट्यूबकडे वळते. म्हणून त्या पंधरवड्यात मी तिला फोन नंबर देते आणि फोन उचलते. जी महिनोन्‌महिने भरपूर लावत होती, तिला थकवा, चक्कर असेल तर सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून घेते. पोटातून बुरशीचं औषध पूर्वीपेक्षा जास्त आठवडे द्यावं लागतं, कारण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पसरलेली बुरशी नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीशी झाली आहे. घरातल्या ज्यांना ज्यांना खाज आहे त्यांच्यावर एकाच वेळी उपचार केले नाहीत तर सगळं फुकट जातं.

कायदा आहे. 2018 साली केंद्र सरकारनं 14 स्टेरॉइडांच्या मलमांना असलेली सवलत काढून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती तरीही मिळतात, रोज मिळतात. अंमल करणाऱ्यांनी करावा, आम्ही डॉक्टरांच्या संघटनांतून बोलत राहू. तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. घरातल्या मलमांच्या ट्यूबा एकदा काढा. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीचं आहे. घटकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही वाचलंत तर ते स्टेरॉइड आहे. ते छातीवर, काखेत, जांघेत, चेहऱ्यावर आपल्या मनानं लावू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही कमी करू नका. आणि छातीवरच्या कोणत्याही दुखण्यासाठी डॉक्टर न बघताच मलम लिहायला लागले, तर "आधी बघा" असं म्हणा. ते म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि बघणं हे आमचं काम आहे.